एक कडेवर, एक पदराला: दोन लहानग्यांचे दिवस कसे काढलेत?

उत्तररात्र
काल रात्री सव्वातीनला पाणी प्यायला उठले. समोरच्या विंगमध्ये चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघराचा दिवा चालू, आणि एक मुलगी तान्ह्याला खांद्यावर टाकून ओट्यापासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारतेय. मागच्याच आठवड्यात दवाखान्यातून घरी आली. तिचा थोरला दोन वर्षांचा, लिफ्टची सगळी बटणं दाबणारा म्हणून सोसायटीत प्रसिद्ध. मी ग्लास हातात धरून उगाच उभी राहिले.

माझ्या दोघांत बावीस महिन्यांचं अंतर. (ठरवून नव्हतं, विचारू नका.) आता १७ वर्षं झाली. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं, झोप जाईल, कंबर जाईल, केस जातील. गेलं सगळं. पण एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. चौथ्या दिवशी बाळ घेऊन घरी आले, थोरला धावत आला, मी त्याचा हात हातात घेतला तर तो हात केवढा मोठा! तीन दिवस मी इवल्या इवल्या मुठीच बघत होते ना. दवाखान्यात जाताना बाळ म्हणून पापा घेऊन गेले होते, आणि परत आले तर दारात एक थोराड मुलगा उभा. आणि मग वागवलंही तसंच. "तू मोठा ना आता?" दिवसातून पन्नासदा. दोन वर्षांचासुद्धा नव्हता हो तो.

एक वही होती. कधी पाजलं, कुठल्या बाजूने, शी, शू. 'उ २.१०, डा ४.३५' असं. ती अजून आहे कपाटात. मी लिहायला घेतली की त्यालाही लिहायचं असे, त्यामुळे प्रत्येक पानावर मेणखडूच्या आडव्यातिडव्या रेघोट्या. काही पानांवर तर माझी नोंद एकच, बाकी सगळा दिवस त्याचा.

आज सकाळी त्या मुलीला डबाभर मऊ खिचडी देऊन आले आणि येताना थोरल्याला तासभर आमच्याकडे घेऊन आले. लिफ्टची बटणं दाबतच आलो. तर लिहा तुमचंही. सल्ले नकोत, किस्से हवेत.

सोलकढी
तो हात!! मला तर लेकीचं डोकं कलिंगडाएवढं वाटलं होतं. नवऱ्याला विचारलंसुद्धा, हिचं आधीपासून एवढंच होतं का रे?

एका_हाताने
आमच्याकडे सध्या हेच चालू आहे. धाकटी सात आठवड्यांची, थोरला सव्वादोन. नावाप्रमाणे एका हाताने टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी पाजायला बसले की याला नेमकी शी लागते. नेमकी. ती चोवीस तासांत दहा-अकरा वेळा पिते, म्हणजे हिशेब करा. काल तर ती प्यायला लागली, हा आला, म्हणाला आई, शी आली, मी म्हटलं दोन मिनिटं थांब राजा, तर हा पडद्यामागे जाऊन

थांबा उठली

पोळीभाजी
पडद्यामागे जाऊन काय?? 😂

कर्जत_लोकल
बाबा लोकांनी लिहिलं तर चालेल ना? केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे १५ दिवसांची पितृत्व रजा मिळाली. त्या १५ दिवसांत मी घरात कामाचा माणूस नाही हे पहिल्या दोन दिवसांतच सिद्ध झालं. (वरणाचा कुकर, शिट्टी लावायची राहिली. असो.) मग माझ्याकडे एकच खातं आलं: थोरल्याला घराबाहेर ठेवणे. रोज सकाळी त्याला घेऊन स्टेशनच्या पुलावर. मालगाडी आली की डबे मोजायचे. त्याला पाचपर्यंतच यायचं, म्हणून पाच झाले की परत एक. त्याच्या हिशेबाने भारतातली प्रत्येक मालगाडी पाच डब्यांची. तेवढ्यात बायकोची दीड तास झोप व्हायची.

सोळाव्या दिवशी मी ऑफिसला निघालो तर पोरगं दारात चपला घालून उभं. उलट्या घातल्या होत्या. ती लोकल सोडली मी, पुढची पकडली.

सोलकढी
उलट्या चपला 😭

आजीबाई६८
माझी दोन्ही मुलं चाळीत झाली. धाकटा १९८४ च्या पावसाळ्यातला. लंगोट वाळायचे नाव नाही. शेगडीवर वेताची टोपली पालथी घालायची, तिच्यावर लंगोट, आत निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग. अख्ख्या मजल्याला वास. थोरली शेजारच्या काकूंकडेच जेवायची, तिकडेच झोपायची. कोणी विचारलं तुझं घर कुठलं तर त्यांचं दार दाखवायची. मला कधी वाटलंच नाही की मी दोन पोरं एकटीने सांभाळते, कारण सांभाळतच नव्हते. मजला सांभाळायचा.

सूनबाईंना आता दोन आहेत, बंद दाराच्या फ्लॅटमध्ये. मशीन आहे, डायपर आहेत, म्हणून मी आधी म्हणायचे तुम्हाला काय कमी आहे. पण परवा दुपारी बघितलं, ती बाथरूमचं दार उघडं ठेवून अंघोळ करत होती, थोरला उंबऱ्यात, धाकटी आडवी त्याच्या शेजारी. आमच्यापेक्षा अवघड आहे हे. तिला तोंडावर नाही सांगितलं अजून.

पोळीभाजी
आजी सांगून टाका. नाहीतर ह्या धाग्याची लिंकच पाठवा.

आजीबाई६८
लिंक कशी पाठवतात

रानमेवा
धुरीवरून आठवलं, आमच्या डॉक्टरांनी कोंडलेल्या खोलीत निखारे अजिबात नको म्हणून सांगितलं. सासूबाई रुसल्या. शेवटी धुरी गॅलरीत, कपड्यांना. बाळाला नाही, लंगोटांना. सगळे खूश.

बाळगुटीवरून झालेलं भांडण लिहायला बसले तर वेगळा धागा काढावा लागेल.

कोल्हापुरी_साज
आमच्याकडं गावात आशाताई यायच्या घरी. तिसऱ्या दिवशी, मग ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या. वजनाचा तो झोळीवाला काटा घेऊन. बाळाला झोळीत घातलं की थोरला पाय आपटायला लागायचा, मला पण, मला पण. एकदा ताई म्हणल्या ये बाबा. घातला की त्याला! काटा पार टोकाला जाऊन थांबला. ताईंनी चष्मा वर करून बघितलं आणि वहीत लिहिल्यागत केलं, "एकदम झकास." दुसऱ्या दिवसापासनं रोज दारात बसून वाट बघायचा, ताई माझं वजन कधी करणार.

आणि दुसरी मुलगी झाली म्हणून सरकारच्या मातृवंदना योजनेचे ६००० रुपये मिळाले ते सांगितल्यावर घरातल्या एका व्यक्तीचं तोंड जरा सरळ झालं. कोण ते लिहीत नाही, ती व्यक्ती पण फोन वापरते.

एका_हाताने
परत आले. कुठे होते मी? हां, पडदा. पडद्यामागे जाऊन त्याने केली, आणि मग पडद्यालाच हात पुसले. मी बाळ पाजत पाजत हे सगळं बघतेय, उठता येईना. रडू का हसू. मग तो आला, तो हात माझ्या गालाला लावला आणि म्हणाला आई रडू नको.

आता त्याचं पॉट माझ्या खुर्चीशेजारीच ठेवलंय. एकीचं खाणं, एकाचं उलटं. हॉलमध्ये. पाहुण्यांनी फोन करून यावे.

पोळीभाजी
एकीचं खाणं एकाचं उलटं 🤣🤣 फ्रेम करून लावा.

ट्यूलिप_कट्टा
नेदरलँड्समधून. इथे बाळ झालं की पहिला आठवडाभर घरी एक बाई येते, क्रामझोर्ख म्हणतात त्या सोयीला. टाके बघते, बाळाचं वजन, ताप, पाजायला बसवून देते. आणि घरातल्या मोठ्या मुलाकडे बघणं हेही तिच्या कामातच धरलेलं असतं. आमच्या बाईने पहिल्याच सकाळी लेकीला (अडीच वर्षं) स्टूलवर उभं केलं आणि बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवायला लावलं. "गरम? गार?" लेक म्हणाली 'गार', तर खरंच थोडं गरम पाणी ओतलं. त्या दिवसापासून पाण्याची अधिकारी ती. आता आठ वर्षांची आहे, अजून माझ्या चहात कोपर घालायला बघते.

इथे बाळ झालं की कुरकुरीत टोस्टला लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या चवीच्या रंगीत साखरगोळ्या टाकून सगळ्यांना देतात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, बघ, गोऱ्यांनाही कळतं बाळंतिणीला बडीशेप लागते. आईचा व्हिसा वेळेत झाला नव्हता. आठवडा संपला, बाई गेली, नवरा कामावर, बाहेर बर्फ, आणि मी दोघींना घेऊन सोफ्यावर. त्या पुढच्या महिन्याचं मला खरंच काही आठवत नाही. फोटो आहेत, म्हणजे झाला असणार.

सोलकढी
डिंकाचे लाडू कोणी पाठवले का तिकडे? आमच्याकडे माझे लाडू थोरलीने एकेक चाटून परत डब्यात ठेवले होते. सगळे. मला दहाव्या दिवशी कळलं.

रानमेवा
अळिवाचे सोपे पडतात त्यापेक्षा. नारळाच्या पाण्यात अळीव दोन-तीन तास भिजवायचे, मग ओलं खोबरं आणि गूळ, आटेपर्यंत परतायचं. जायफळ.

कर्जत_लोकल
गूळ किती? (बायको विचारतेय. खोटं, मीच विचारतोय.)

रानमेवा
अर्धी वाटी अळिवाला दीड वाटी गूळ, दोन-अडीच वाट्या खोबरं. शिट्टी लावायची नाही ह्याला, काळजी नको.

नाव_नको
सगळे इतकं हसरं लिहिताय, लिहू की नको वाटत होतं. मला दुसऱ्या वेळी चाळिसाव्या दिवसानंतर रडणं थांबतच नव्हतं. कारण काही नाही. भांडी घासताना, केस विंचरताना. बाळाकडे बघून काहीच वाटायचं नाही, आणि थोरलीकडे बघून फक्त अपराधी वाटायचं. घरातले म्हणायचे रडू नको, दूध आटेल. म्हणून रात्री रडायचे. थोरली, पावणेतीनची, उठून माझ्याच ओढणीने माझे डोळे पुसायची आणि परत झोपायची. न बोलता, जशी मी तिचं नाक पुसते तसं.

तीन महिन्यांच्या लसीला गेलो तेव्हा बाळाच्या डॉक्टरांनी बाळाचं झाल्यावर मला विचारलं, तुम्ही कशा आहात. एवढंच. तिथेच बांध फुटला. बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं. औषधं घेतली, बोलायला जायचे दर आठवड्याला. आता दोन्ही पोरी माझ्या डोक्यावर बसतात, आणि मला ते आवडतं.

उत्तररात्र
बरं केलंत लिहिलंत. ओढणीचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

ट्यूलिप_कट्टा
मला पण तेच झालं असावं, आता वाचताना कळतंय. नाव नव्हतं तेव्हा.

कोल्हापुरी_साज
कुणाला आत्ता असं होत असंल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. आमच्या आशाताईंनीच भिंतीवर लिहून ठेवलाय नंबर.

पोळीभाजी
माझं अंतर तेरा महिने. लिहायला वेळ नाही 🙏 एवढंच सांगते, रजा पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे, पुढच्याला १२. कायद्यानेच सांगितलंय, बास करा.

एका_हाताने
@नाव_नको, मी तुमचं तीनदा वाचलं. उद्या नवऱ्याला दाखवते.

दोघं एकदम झोपलीत आत्ता. पंधरा मिनिटं झाली. दोनदा जाऊन श्वास बघून आले.

सोलकढी
मग इथे काय करतेस, फोन ठेव.

आजीबाई६८
नातवाने लिंक पाठवून दिली सूनबाईंना. तिचा नुसता अंगठा आलाय. म्हणजे वाचलं का नुसतं बघितलं?

एका_हाताने
उठली