मदत हवी आहे : लेकीवर राज्य येऊ दे!

माझी लेक 9 वर्षांची, तिला डाऊन सिंड्रोम आहे. सोसायटीतली मुलं तिला खेळायला घेतात, पण कायम लिंबूटिंबू म्हणून. परवा लपाछपीत पहिली तीच सापडली, तरी राज्य दुसऱ्यावर. घरी आली ती चपला न काढताच म्हणाली, "आई, माझ्यावर राज्य कधी?" वीसपर्यंत आकडे येतात हो तिला, बारावर जरा अडखळते इतकंच.

मुलांना काय बोलणार? "सांभाळून घ्या हं तिला" हे आपणच शिकवलंय. (एका काकूंनी तर 'लागण होते का' असंही विचारलं! 21व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती, तेही जन्माआधीपासून. लागण कसली?)

21 मार्चला जागतिक डाऊन सिंड्रोम दिन. त्या दिवशी दोन पायांत वेगवेगळे मोजे घालतात, मोज्याचा आकार गुणसूत्रासारखा दिसतो म्हणून. मुलांना हे आवडेल. पण मला भाषणबिषण नकोय, आणि 'बिचारी' तर नकोच नको.

8-12 वर्षांच्या मुलांना हे सोप्या शब्दांत कुणी सांगितलंय का? लेकीला सोबत बसवून सांगू की ती नसताना? आणि तिला खरंखुरं राज्य घेता येईल असे खेळ सुचवा ना.