पासाउ ते बुडापेस्ट नदीक्रूझ: आईबाबांसाठी केबिन कोणती घ्यावी, सहली आधी बुक कराव्यात का?

जास्वंद_नाशिक

नमस्कार मंडळी,

पुढच्या सप्टेंबरात आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतील. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. अजूनही वाटेत धरण दिसलं की गाडी थांबवावी लागते आणि दरवाजे मोजून झाल्याशिवाय ते गाडीत बसत नाहीत. त्यांना युरोप दाखवायचा तर नदीवरूनच, यावर आम्हा भावंडांचं लगेच एकमत झालं. डॅन्यूबवरची सात रात्रींची क्रूझ बघतोय: पासाउला चढायचं, लिंत्स, मेल्क, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करत बुडापेस्टला उतरायचं. सोबत मी आणि माझा नवरा, म्हणजे दोन केबिन.

एजंटनं तीन भाव दिलेत. सगळ्यात खालच्या डेकवर लहान खिडकीची केबिन, मधल्या डेकवर फ्रेंच बाल्कनी, वरच्या डेकवर तशीच पण आणखी महाग. खालच्या आणि मधल्यामधला फरक दोन केबिनचा धरला, तर तेवढ्यात आम्ही चौघं व्हिएन्नात आणखी दोन दिवस सहज राहू. शिवाय सहलींचं पॅकेज आहे: साल्झबुर्ग, मेल्कचा मठ, शोनब्रुन राजवाडा, व्हिएन्नात संगीताची मैफल, बुडापेस्ट दर्शन. आत्ताच घेतलं तर सूट, म्हणून रोज फोन येतोय.

आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते, जिने मात्र त्रासाचे. शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. बाबा ७६ वर्षांचे, तब्येत उत्तम.

बाल्कनीला पैसे घालावेत का? आणि सहली सगळ्या घ्यायच्या, की काही आपल्या आपण करता येतात?

---

दोनाउकाठ

जास्वंदताई, आधी आईबाबांना नमस्कार सांगा. मी लिंत्सला राहते. घरापासून दोनाउ, म्हणजे तुमची डॅन्यूब, पाच मिनिटांवर आहे. भारतातून येणारं आमचं कुणी ना कुणी याच मार्गावर जात असतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

केबिनचा भाव दोन दिवस बाजूला ठेवा आणि एजंटकडून दोन कागद मागवा. एक, त्याच जहाजाचा डेक प्लॅन. दुसरा, रोजचं वेळापत्रक, धक्क्याला लागायच्या आणि सुटायच्या वेळेसकट. नुसतं "चौथा दिवस: व्हिएन्ना" असं लिहिलेला कागद घेऊ नका.

डेक प्लॅनवर पहिल्यांदा लिफ्ट शोधा. बहुतेक नदीजहाजांत लिफ्ट असते ती वरच्या दोन डेकमध्येच, सगळ्यात खालच्या डेकवर जिन्यानंच उतरावं लागतं. म्हणजे आईंना जेवायला, फिरायला, प्रत्येक वेळी जिना. त्यांच्यासाठी खालची केबिन स्वस्त असली तरी घेऊ नका, माझं मत इतकं स्पष्ट आहे. मधला आणि वरचा डेक यांत तसा जिवाचा आटापिटा करण्याजोगा फरक नाही. रेस्टॉरंट ज्या डेकवर आहे त्याच डेकवर केबिन मिळाली तर उत्तम. तुम्ही दोघं मात्र खुशाल खाली राहा. तिथली खिडकी वर, छताजवळ असते, उघडत नाही, आणि पाणी तिच्या कडेपासून जेमतेम हातभर खाली. झोपायला आणि आंघोळीला काहीच कमी नाही. असा एक-एक प्रकार घेतलात की व्हिएन्नाच्या दोन दिवसांपैकी एक तरी हातात राहतो.

फ्रेंच बाल्कनी म्हणजे नेमकं काय ते एजंट सांगत नाहीत. जमिनीपासून छतापर्यंत काचेचं सरकतं दार आणि बाहेर लगेच कठडा. बाहेर पाऊल ठेवायला जागा नाही. ही जहाजं साधारण ११.४ मीटर रुंद असतात, कारण माइन नदीवरची आणि माइन-डॅन्यूब कालव्यावरची लॉक (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करायचे दरवाजेबंद कप्पे) १२ मीटर रुंद आहेत, आणि तिथून जायचं तर त्याहून रुंद बांधून चालत नाही. तेवढ्या रुंदीत मधला बोळ, दोन्हीकडे केबिन. खरी बाल्कनी काढली की खोलीच आखूड होते. दार उघडून खुर्ची आत ओढून बसायचं, हवा आणि नदी दोन्ही मिळतात. आईंना डेकवर चढउतार जमणार नसेल तर या दाराचे पैसे वसूल होतात. ज्याला वर जाता येतं त्याच्यासाठी खरी जागा म्हणजे सन डेक, जहाजाचं मोकळं छत.

बाजू मागून घ्या. पासाउहून खाली येताना डाव्या हाताची. वाखाउ खोऱ्यात द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या, श्पिट्झ, वाइसनकिर्खन, ड्युर्नश्टाइनचा निळापांढरा मनोरा, सगळं डाव्या काठाला येतं. बुडापेस्टमध्ये शिरताना संसद भवनही डावीकडेच. केबिन शक्यतो जहाजाच्या मध्यावर हवी. मागच्या टोकाला इंजिनाची घरघर असते आणि अगदी पुढे पहाटे जहाज लावतानाचे आवाज येतात.

आता वेळापत्रक. मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३६ किलोमीटरचा पट्टा म्हणजे वाखाउ. २००० साली युनेस्कोच्या यादीत आला. जहाजाला तिथून जायला दीड-दोन तास लागतात. अख्ख्या क्रूझमध्ये याहून देखणं काही नाही, आणि काही जहाजं तो रात्री पार करतात! कागदावर बघा: मेल्क सकाळी आणि दुपारी उजेडात पुढचा प्रवास असेल तरच ती क्रूझ घ्या. ड्युर्नश्टाइनच्या डोंगरावरच्या किल्ल्याच्या भिंती दिसतील. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ मध्ये तिथे कैदेत होता. वर चढायची वाट खडकाळ आणि उभी आहे, आईंनी तो खालूनच बघावा. पाण्यातून जास्त छान दिसतो.

बाबांसाठी तर मला आत्तापासूनच आनंद होतोय. पासाउ ते व्हिएन्ना या पट्ट्यात एकामागून एक जलविद्युत बंधारे आहेत: योखनश्टाइन, आशाख, ओटन्सहाइम वगैरे. त्यातला इब्स-पेर्झेनबोइग १९५९ साली पूर्ण झाला. प्रत्येकाला जोडून लॉक आहे. ऑस्ट्रियातली बहुतेक लॉक २४ मीटर रुंद आणि २३० मीटर लांब, जोडीजोडीनं, म्हणजे दोन नदीजहाजं शेजारी-शेजारी सहज मावतात. पंप नसतात, पाणी उतारानं आपोआप भरतं आणि सुटतं. भिंत केबिनच्या इतकी जवळ येते की हात लावावासा वाटतो (लावू नये). बरीच लॉक रात्री येतात, तेव्हा पहिल्या संध्याकाळीच रिसेप्शनवर पुढच्या लॉकच्या वेळा लिहून मागा. ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्टच्या मधे गाबचिकोवो लागतं, तिथे जहाज वीसेक मीटर खाली उतरतं. १९९२ साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पावरून हंगेरी आणि स्लोव्हाकिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते, १९९७ मध्ये निकाल लागला. तुमच्या बाबांना हे आधी सांगून ठेवा, ते रात्रभर जागतील. काठावरच्या किलोमीटरच्या पाट्याही त्यांना दाखवा. डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून उगमाकडे मोजतात, म्हणून खाली जाताना आकडा घटत जातो. पासाउ साधारण २२२६, बुडापेस्ट १६४७. यासाठी कुठलंही पॅकेज लागत नाही.

सहलींचं माझं मत:

साल्झबुर्ग घेऊ नका. दिवसाचा मोठा भाग बसमध्ये जातो, आणि तेवढ्यात जहाज पुढे सरकलं तर नदीही हुकते. बघायचंच असेल तर क्रूझच्या आधी एक रात्र तिथे राहा. पासाउहून ऑस्ट्रियातल्या वेल्स स्टेशनवर गाडी बदलून दोन तासांच्या आसपास लागतात.

मेल्क जहाजाबरोबरच घ्या. धक्क्यापासून मठ चढावर आहे, त्यांची बस वरपर्यंत नेते, आईंचा चढ वाचतो. बेनेडिक्टाइन साधू तिथे १०८९ पासून आहेत. ग्रंथालय चुकवू नका.

व्हिएन्ना स्वतः करा. जहाज राइख्सब्रुकं पुलाजवळ लागलं तर फोरगार्टनश्ट्रासे स्टेशन जवळ आहे. तिथून यू-१ मेट्रोनं चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ, म्हणजे थेट कॅथीड्रलसमोर. शोनब्रुनला जायचं तर त्याच्या पुढच्या कार्ल्सप्लाट्झला यू-४ पकडा. शोनब्रुनची तिकिटं ठरावीक वेळेची असतात, ती घरूनच काढा. पण काही जहाजं शहराच्या उत्तरेला नुसडॉर्फला लागतात, तिथून डी ट्राम. म्हणून धक्क्याचं नाव आधी विचारा, मग ठरवा. वेळ उरला तर निसर्ग-इतिहास संग्रहालयात विलेनडॉर्फची व्हीनस बघा. जेमतेम ११ सेंटीमीटरची मूर्ती, १९०८ साली वाखाउतच सापडली. ज्या गावावरून तुमचं जहाज आदल्या दिवशी गेलं असेल, तिथली.

स्वतः फिरताना एक गोष्ट कडक पाळा. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी थांबत नाही. सुटायच्या तासभर आधी परत या आणि धक्क्याचं नाव व जहाजाचा फोन नंबर चौघांच्याही खिशात वेगवेगळा ठेवा.

---

घाटमाथा

वरच्या ताईंशी बहुतेक सगळं सहमत. आईला घेऊन मी ऱ्हाईनवर गेलो होतो, त्यातलं दोन-तीन मुद्द्यांचं लिहितो.

गर्दीच्या धक्क्यांवर जहाजं एकाला एक खेटून लावतात. दार उघडलं की समोर शेजारच्या जहाजातली केबिन, पडदा ओढूनच बसायचं. बाहेर जाताना दुसऱ्या जहाजाच्या लॉबीतून जावं लागतं, आणि कधी कधी सन डेकवरून, म्हणजे जिना वर आणि जिना खाली. हे आधी कळत नाही. तुमच्या आईंच्या गुडघ्याचं कंपनीला बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, म्हणजे तिथला माणूस हात द्यायला उभा असतो. आमच्या आईला दर वेळी एक मुलगा धरून न्यायचा, शेवटी ती त्याला नावानं हाक मारायला लागली.

जुन्या गावांत दगडी फरसबंदी असते, ती बघायला सुंदर आणि गुडघ्याला वाईट. जहाजाच्या पायी सहलींत बऱ्याचदा सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट असतो, त्यातच नाव द्या.

जेवण: "व्हेजिटेरियन" एवढंच लिहिलं तर अंडं आणि मासेही चालतील असं धरलं जाऊ शकतं. अंडं, मासे, मांसाचं सूप, जिलेटिन यातलं काहीच नको, असं एकेक नाव घेऊन लिहा. पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटून तेच पुन्हा सांगा. भात-वरण मिळायचं नाही, पण सूप, बटाटे, भाज्या, पाव, चीज, फळं भरपूर. आईनं मेतकूट आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं, गरम भात मागून घ्यायची.

---

खडीसाखर

व्हिसाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, चारही शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात, एकाच व्हिसात भागतं. अर्ज जिथे सर्वाधिक दिवस आहेत त्या देशाकडे. तुमच्या यादीत लिंत्स, मेल्क, व्हिएन्ना आणि वरचे व्हिएन्नाचे दिवस धरले तर ऑस्ट्रिया दिसतोय, पण क्रूझ कंपनीकडून तारीखवार बंदरांची यादी असलेलं पत्र घेऊन दिवस मोजा आणि तेच अर्जाला जोडा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, सप्टेंबरसाठी मार्च-एप्रिललाच तारीख घ्या. पुढे कधी बुडापेस्टच्या खाली बेलग्रेडकडे जायचं ठरलं तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही, तिथून परत शिरायला एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागेल.

हंगेरीत फोरिंट चालतात. ट्राम, चहापाणी सगळं कार्डावर होतं, युरो तिथे बदलून घ्यायची घाई नको.

---

जास्वंद_नाशिक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना लॉकचा परिच्छेद वाचून दाखवला. त्यांनी वही काढून गाबचिकोवो लिहून घेतलं आणि मला विचारलं की दरवाजे मायटर (दोन पाखांचे, मधे मिटणारे) आहेत की उचलायचे. आता हे मी कुठून सांगू!

ठरलं असं: आईबाबा मधल्या डेकवर डावीकडे, आम्ही खाली. मेल्क आणि बुडापेस्ट जहाजाबरोबर, व्हिएन्ना आपलं आपण, साल्झबुर्ग रद्द. दुसऱ्या एका एजंटनं रेगन्सबुर्गहून सुरू होणारी क्रूझ थोडी स्वस्तात दिलीय. ती घ्यावी का? आणि सप्टेंबरात पाणी कमी असतं असं ऐकलं.

---

दोनाउकाठ

पासाउच ठेवा. रेगन्सबुर्ग आणि पासाउच्या मधे श्ट्राउबिंग ते फिल्सहोफन हा सुमारे ७० किलोमीटरचा पट्टा बंधाऱ्यांविना मोकळा वाहतो. पाणी उतरलं की जहाजं पहिल्यांदा तिथे अडतात आणि प्रवासी बसमध्ये बसतात. पासाउच्या खाली वाखाउ, व्हिएन्नाच्या पूर्वेचा आणि गाबचिकोवोच्या खालचा भाग सोडला तर बंधाऱ्यांमुळे पाणी राखलेलं असतं. पुराचं मात्र कुणाच्याच हातात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये इथे मोठा पूर आला, तेव्हा जहाजं जागच्या जागी उभी होती. पासाउला २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत, बाबांना दाखवा. बुकिंगआधी एवढं लेखी विचारा: जहाज अडलं तर बसनं पुढच्या जहाजावर नेणार की हॉटेलात ठेवणार, आणि पैसे किती परत. विम्यातही हे येतं का बघा.

पासाउला सकाळीच पोचा. तिथे इन आणि इल्त्स या दोन नद्या दोनाउला मिळतात. इल्त्स काळसर, इन हिरवट, आणि पुढे बरंच अंतर रंग वेगवेगळे दिसतात. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहिलेल्या माणसाला ते टोक सोडवत नाही. चालायला सपाट आहे, आईही येतील. दुपारी बाराला कॅथीड्रलमध्ये ऑर्गनवादन असतं, रविवार आणि सणाचे दिवस सोडून. त्या ऑर्गनला १७,९७४ नळ्या आहेत. जागा धरायला अर्धा तास आधी जा.

गाबचिकोवोच्या दरवाज्यांचं मी इथल्या एका ओळखीच्या जहाजवाल्याला विचारते आणि इथेच लिहिते.