खुराड्यातील लाल किडे उवा आहेत की माइट, आणि ते मुळापासून कसे घालवावेत?

प्रश्न – परसदार

माझ्या लाकडी खुराड्यात अकरा कोंबड्या आहेत. गेले तीन आठवडे त्या संध्याकाळी आत जायला तयार होत नाहीत. दोघी तर रोज छपरावर चढून बसतात आणि त्यांना उचलून आत सोडावे लागते. अंडी निम्म्यावर आली आहेत, तुरे फिकट पडले आहेत, आणि खुडूक बसलेली एक कोंबडी इतकी मलूल झाली, की मला तिला अंड्यांवरून काढून वेगळे ठेवावे लागले. उवा असतील असे समजून मी भर दुपारी प्रत्येकीची पिसे उलटून पाहिली, पण अंगावर काहीच आढळले नाही. उवांची पावडर दोनदा टाकून झाली, तिचाही उपयोग झाला नाही. काल मात्र अंडी गोळा करताना मनगटावर काहीतरी सरसरले, नंतर बराच वेळ खाज सुटली, आणि दोन अंड्यांवर तांबडे बारीक ठिपके दिसले. हे नेमके काय असावे?

प्रतिसाद – रात्रपाळी

तुम्ही तपासणी नीट केलीत, फक्त वेळ चुकली. उवा चोवीस तास कोंबडीच्याच अंगावर राहतात, त्यामुळे त्या दिवसाही सापडतात: गवती पिवळ्या रंगाच्या, सहा पायांच्या, गुदद्वाराभोवती पळणाऱ्या, आणि पिसांच्या बुडाशी अंड्यांचे पांढरे पुंजके चिकटवणाऱ्या. तुमच्या वर्णनावरून ही लाल माइट, म्हणजे डर्मॅनिसस गॅलिनी, वाटते. ती कीटक नसून कोळ्याच्या कुळातली आहे. पूर्ण वाढलेल्या माइटला आठ पाय असतात आणि तिची लांबी एक मिलिमीटरही भरत नाही. दिवसभर ती लाकडाच्या फटींत दडून बसते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते आणि पोट भरले की पुन्हा फटीत शिरते. उपाशी असताना ती करडी दिसते, रक्त प्यायल्यावर लाल. खुडूक कोंबडी रात्रंदिवस एकाच जागी बसून असल्यामुळे तिचे हाल सर्वांत आधी होतात. अंड्यांवरचे ठिपके हे बहुधा चिरडलेल्या माइटचे किंवा त्यांच्या विष्ठेचे असतात.

खात्री करून घ्यायची असेल तर अंधार पडल्यानंतर दोन तासांनी विजेरी घेऊन जा आणि बसण्याच्या दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरा कागद दाबून फिरवा. कागदावर लाल रेघोट्या उमटल्या तर शंका उरत नाही. दांडीची टोके जिथे भिंतीत बसतात तिथे मीठ-मिरी सांडल्यासारखी करडी भुकटी दिसते का, तेही पाहा. एक अपवाद लक्षात असू द्या: नॉर्दर्न फाउल माइट नावाची दुसरी जात दिवसाही अंगावरच राहते आणि गुदद्वाराजवळची पिसे काळपट, चिकट करून टाकते. तसे दिसले असते, तर उपचार कोंबडीवर करावा लागला असता.

प्रतिसाद – परसदार

काल रात्री कागद फिरवला आणि तो अक्षरशः लाल झाला. दांडी उपसून काढली, तर खोबणीत त्यांचा थरच्या थर होता. आता सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद – जुनी दांडी

औषधाआधी खुराडे उघडे करा, कारण फटीत पोहोचत नाही ते कोणतेही औषध वाया जाते. कोंबड्यांची सोय दुसरीकडे करून दांड्या, अंड्यांच्या पेट्या आणि सुटी होतील त्या सर्व फळ्या बाहेर काढा, आणि खालचा भुसा जाळून टाका. तो खतात टाकला तर कीड तिथून परत येईल. मग प्रत्येक सांध्यात उकळते पाणी ओता. लाकूड उन्हात खडखडीत वाळल्यावर फटी लांबीने (पुट्टीने) बुजवा आणि आतून चुन्याचा हात द्या. छपरावर वॉटरप्रूफ कागद ठोकलेला असेल तर तो उचकटून पाहा. मी एकदा तेवढा भाग वगळला होता आणि पंधरा दिवसांत सगळे श्रम पाण्यात गेले.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण माइट व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, आणि बरीचशी औषधे अंड्यांवर चालत नाहीत, म्हणून हेच काम सातव्या दिवशी आणि पुन्हा चौदाव्या दिवशी करावे लागते. डायटोमेशियस अर्थची (सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्मांपासून बनलेल्या मातीची) भुकटी माइटच्या अंगावरचे मेणासारखे आवरण शोषून तिला सुकवते, पण ती पूर्ण कोरड्या जागीच काम करते, आणि ती पसरताना तोंडाला मुखपट्टी हवीच.

प्रतिसाद – थेट उपाय

एवढा खटाटोप कशासाठी? कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे फिप्रोनिल फवारावे, आठवड्यात सगळे साफ होते.

प्रतिसाद – रात्रपाळी

कृपया हे करू नये. फिप्रोनिल अंड्यांत उतरते. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या कुक्कुटपालनगृहांत याच लाल माइटसाठी ते बेकायदा वापरले गेले आणि युरोपभर लक्षावधी अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. औषधच हवे असेल तर पशुवैद्यकाकडून अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी मान्य असलेले घ्यावे आणि किती दिवस अंडी खायची नाहीत, हे त्याच वेळी विचारावे. फ्लुरालॅनर हे पिण्याच्या पाण्यातून, सात दिवसांच्या अंतराने दोनदा देण्याचे औषध आहे. ते रक्तातून माइटपर्यंत पोहोचत असल्यामुळे फटींचा प्रश्न बराच हलका होतो. फळ्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारणार असाल तर घरातले मांजर लांब ठेवा, त्याच्यासाठी ते जीवघेणे ठरू शकते.

प्रतिसाद – परसदार

पहिली फेरी पूर्ण केली. कोंबड्या सध्या दुसऱ्या जागी आहेत, तेव्हा खुराडे महिनाभर रिकामे ठेवले तर उरलेल्या माइट उपासमारीने मरतील का?

प्रतिसाद – जुनी दांडी

नाही. थंड जागेत त्या रक्ताविना आठ महिनेही तग धरतात, त्यामुळे रिकामे खुराडे हा उपाय ठरत नाही. सातव्या दिवसाची फेरी चुकवू नका, आणि आताची तात्पुरती जागाही रात्री कागदाने तपासा, कारण पिसांत अडकलेल्या चार-दोन माइट कोंबड्यांबरोबर तिकडे गेल्या असण्याची शक्यता आहे. पुढे पन्हळी पुठ्ठ्याची गुंडाळी दांडीच्या टोकाशी बांधून ठेवा आणि आठवड्याने दिवसा उघडून पाहा; दडायला सोयीची जागा म्हणून माइट आधी तिथेच जमतात, आणि ती गुंडाळी तशीच जाळून टाकता येते.