मदत हवी आहे: दोन सिंथेटिक इंजिन ऑइलपैकी कोणतं घेऊ? (आकडे दिलेत)

घाटमाथा, रात्री ८:१०
उद्या सकाळी १० वाजता गाडी गॅरेजला द्यायची आहे. ऑइल मीच घेऊन जाणार. दोन्ही डब्यांवर फुल्ली सिंथेटिक लिहिलंय. डेटाशीटवरचे आकडे असे:

तेल अ: ५डब्ल्यू-४० (हा दाटपणाचा ग्रेड). ४० अंशांना ७९ सेंटीस्टोक (दाटपणाचं एकक), १०० अंशांना १३.२, व्हीआय (तापमानाने दाटपणा किती कमी बदलतो तो निर्देशांक) १६९, एचटीएचएस (खूप तापलेल्या, दाबाखाली घासणाऱ्या तेलाचा दाटपणा) ३.७, टीबीएन (आम्ल मारण्याची क्षमता) १०.८, नोआक (उष्णतेने उडणारं तेल) ९.६ टक्के, फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेते ते तापमान) २३०, पोअर पॉइंट (तेल वाहू शकतं ते सर्वांत कमी तापमान) उणे ४५.

तेल ब: ५डब्ल्यू-३०. ४० अंशांना ७२.८, १०० अंशांना १२.१, व्हीआय १६४, एचटीएचएस ३.५, टीबीएन ७.२, फ्लॅश पॉइंट २३८, पोअर पॉइंट उणे ३९. नोआक दिलेलंच नाही.

फ्लॅश पॉइंट सोडला तर सगळीकडे अ पुढे आहे, तरी ब ४०० रुपयांनी महाग. का? 'मॅन्युअल बघा' एवढं सांगू नका, आकड्यांवर बोला.

डिपस्टिक, ८:१८
गाडी कोणती, कोणत्या साली घेतली, पेट्रोल की डिझेल? डेटाशीटवर एसीईए (युरोपीय) किंवा एपीआय (अमेरिकी) मानकाची ओळ असेल, तीही द्या. आणि तेल जळाल्यावर उरणारी राख, म्हणजे सल्फेटेड अ‍ॅश किती? दोन तेलांत फरक पाडणारा आकडाच गाळलात.

जुना_पाना, ८:२५
अ घ्या, विचार करू नका. आपल्याकडे मे महिन्यात ४० अंश तापमान असतं. ५डब्ल्यू-३० पातळ पडतं, बेअरिंगवर थर टिकत नाही. टीबीएन १०.८ म्हणजे तेल जास्त दिवस आम्ल खातं. आणखी काय हवं?

तेलतपासणी, ८:४१
जुना_पाना, इथे ३० आणि ४० या आकड्यांवर जाऊ नका. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० तक्त्यात ३० ग्रेड १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकमध्ये बसतो आणि ४० ग्रेड १२.५ ते १६.३ मध्ये. ब १२.१ वर, म्हणजे आपल्या ग्रेडच्या वरच्या काठाला. अ १३.२ वर, म्हणजे खालच्या काठाला. फरक १.१ सेंटीस्टोकचा, डब्यावर मात्र पूर्ण एक ग्रेड दिसतो.

बेअरिंगमधला थर ठरवायला एचटीएचएस बघायचा. ती चाचणी १५० अंशांना आणि सेकंदाला १० लाख इतक्या शिअर रेटने (थर एकमेकांवरून घसरण्याच्या वेगाने) होते. चालू बेअरिंगमध्ये तेलाची जी अवस्था असते, तिच्या सर्वांत जवळ जाणारा आकडा हाच. जे३०० प्रमाणे ५डब्ल्यू-३० ला २.९ पुरतो, पण ब ३.५ देतंय. ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ च लागतो. म्हणजे हे ३० त्या बाबतीत ४० च्याच रांगेत आहे. यावरून ब हे एसीईए सी३ (कमी राखेचा वर्ग) असावं असा माझा अंदाज.

बाकीचे आकडे: फ्लॅश पॉइंटचा ८ अंशांचा फरक सोडून द्या, एकाच तेलाची त्याच माणसाने दोनदा चाचणी केली तरी तेवढा येऊ शकतो. पोअर पॉइंट उणे ४५ की उणे ३९, याने महाराष्ट्रात काहीच फरक पडत नाही. आणि डेटाशीटवरचे आकडे नमुन्यादाखल असतात, प्रत्येक बॅचला तेच येतील असं नाही.

घाटमाथा, ८:५२
१.५ लिटर टर्बो. ऑइल ४.८ लिटर लागतं. रोज कोथरूड ते हिंजवडी, बहुतेक वेळ ट्रॅफिकमध्ये. मग नोआक न दिल्याचं काय? काहीतरी लपवतायत ना?

डिपस्टिक, ८:५५
इंधन अजून सांगितलं नाहीत. साल पण नाही.

शुद्ध_पीएओ, ९:०२
दोन्ही सोडा. डब्यावरचं 'फुल्ली सिंथेटिक' म्हणजे आज बहुतेक वेळा बेस ऑइलचा (मूळ तेलाचा) गट ३, हायड्रोक्रॅक (हायड्रोजनने प्रक्रिया) केलेलं खनिज तेल. १९९९ साली अमेरिकेत जाहिरातीच्या वादात त्याला सिंथेटिक म्हणायला मोकळीक मिळाली, तेव्हापासून हा घोळ आहे. खरं सिंथेटिक म्हणजे गट ४, पीएओ (रसायनांपासून रेणू जोडून बनवलेलं तेल). तेच शोधा.

तेलतपासणी, ९:१०
बेस ऑइलचा गट डेटाशीटवर सहसा नसतो आणि इंजिनाला तो कळतही नाही. इंजिनाला कळतं ते तयार तेल: थंडीतली पंपिंग क्षमता, बाष्पीभवन, ठेवी, झीज. चांगलं गट ३ तेल या चाचण्या पास होतं, आणि पीएओ असूनही चुकीच्या अ‍ॅडिटिव्हचं तेल तुमच्या गाडीला चुकीचंच ठरेल.

घाटमाथा, नोआक म्हणजे २५० अंशांवर तासाभरात किती टक्के तेल उडतं ते. एसीईएच्या ए३/बी४ ला (जास्त राख चालणारा वर्ग) आणि सी३ ला दोन्हीकडे मर्यादा १३ टक्केच. ब कडे सी३ असेल तर ते १३ च्या आत आहे. न छापणं चांगलं नाही, पण धोक्याचं नाही.

दुचाकीवाला, ९:१४
अ घेतलंत तर ५ लिटरमधलं उरलेलं २०० मिली माझ्या १५० सीसी मोटारसायकलला टॉपअपला चालेल का?

घाटमाथा, ९:२०
अहो डिझेल, अर्थात. २०२१ ची. सायलेन्सरच्या फिल्टरचा पिवळा दिवा महिन्यातून एकदा लागतो, त्याचा ऑइलशी संबंध नाही म्हणून लिहिलं नव्हतं. अ वर एसीईए ए३/बी४, सल्फेटेड अ‍ॅश १.२ टक्के. ब वर सी३, ०.८ टक्के.

तेलतपासणी, ९:३१
त्याचाच संबंध आहे! २०२१ ची डिझेल म्हणजे बीएस६, म्हणजे डीपीएफ, तोच तुमचा सायलेन्सरचा काजळी अडवणारा फिल्टर. अ बाद.

तेलातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक जळाल्यावर राख होते. डीपीएफमधली काजळी रीजनरेशनमध्ये (फिल्टर तापवून स्वच्छ होताना) जळून जाते, राख जळत नाही, ती कायमची बसते. हिशोब करा: १०,००० किलोमीटरमध्ये १ लिटर तेल जळलं, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम, तर अ मधून सुमारे १० ग्रॅम राख, ब मधून ७ च्या आत. दर लिटरमागे दीडपट. फिल्टर राखेने भरत गेला की काजळीला जागा कमी उरते, रीजनरेशन वारंवार लागतं आणि शेवटी फिल्टर काढून साफ करावा किंवा बदलावा लागतो.

टीबीएन कमी असण्याचं कारणही हेच. आम्ल मारणारे डिटर्जंट तेच राख करणारे धातू घेऊन येतात. सी३ ला राख ०.८ च्या आत ठेवायची, म्हणून टीबीएन ए३/बी४ इतका वर नेता येत नाही. सी३ ची किमान मर्यादा ६ आहे, ब ७.२ वर आहे. बीएस६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएम, बीएस४ मध्ये ५० होतं, त्यामुळे आम्लही कमी तयार होतं.

हमरस्ता, ९:४०
डिझेलला ट्रकचं १५डब्ल्यू-४० सीके-४ (एपीआयचा वर्ग) टाका. जड डिझेलसाठीच बनवलेलं, स्वस्त, आणि सीके-४ डीपीएफवाल्या इंजिनांतही चालतं.

डिपस्टिक, ९:४६
सीके-४ ला अ‍ॅश १.० टक्क्यापर्यंत चालते, सी३ ला ०.८. ट्रकचा फिल्टर मोठा, त्याचा हिशोब वेगळा. शिवाय १५डब्ल्यू सुरू करताना वर पोचायला वेळ घेतं.

जुना_पाना, ९:५०
डीपीएफ आहे हे आधी सांगायला हवं होतं. मग माझं म्हणणं मागे. पण डीपीएफ नसलेल्या जुन्या डिझेलला ए३/बी४ च घाला, तिथे १०.८ टीबीएन कामाचा आहे.

सीलबंद, ९:५५
नकली डब्यांपासून सांभाळा. झाकणाची रिंग तुटलेली नको, डब्यावरचा बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख पुसट नको, बिल पक्कं घ्या. जुना रिकामा डबा भंगारात देताना लेबल फाडा.

डिपस्टिक, १०:०३
दुचाकीवाला, नको. मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, तिला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लागतं. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, क्लच घसरतो.

घाटमाथा, पिवळ्या दिव्याचं सोडवा, नाहीतर चांगलं तेलही खराब होईल. रीजनरेशनच्या वेळी बहुतेक इंजिनं सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल फवारतात. त्यातलं थोडं भिंतीवरून खाली उतरून सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) येतं. ट्रॅफिकमध्ये गाडी मधेच बंद केली की काम अर्धवट राहतं, पुढच्या वेळी पुन्हा सुरुवात, पुन्हा डिझेल खाली. आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) नेहमीपेक्षा वर असेल आणि पंखा जोरात चालू असेल तर इंजिन बंद करू नका. रविवारी सकाळी खेड शिवापूरपर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन या.

आत्ताची पातळी उद्या तेल काढण्याआधी बघा: सपाट जागा, गरम इंजिन बंद करून १० मिनिटं थांबा, काडी पुसून पुन्हा घाला. मॅक्सच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर तेल डिझेलने पातळ झालंय, डेटाशीटवरचे आकडे आत केव्हाच संपलेत. अशा गाडीला बदलण्याचं अंतर कमी करावं लागतं.

घाटमाथा, १०:१२
आत्ताच पार्किंगमध्ये जाऊन बघितलं. मॅक्सच्या वर साधारण ५ मिलिमीटर, आणि वास आहे. मॅन्युअलही उघडलं, त्यात सी२ किंवा सी३ लिहिलंय. ब घेतो. गॅरेजवाला म्हणतो ड्रममधलं ५डब्ल्यू-३० त्याच्याकडे आहे, स्वस्त पडेल.

तेलतपासणी, १०:१९
ड्रमवर सी३ लिहिलेलं स्वतः वाचल्याशिवाय नको. ५डब्ल्यू-३० मध्ये पेट्रोलसाठीचं एपीआय एसपी पण येतं, त्याचा एचटीएचएस ३.५ च्या खाली असू शकतो. ब चे सीलबंद डबे न्या, समोर उघडायला लावा. ड्रेन प्लगचा वॉशर आणि फिल्टर नवा. आधी ४.५ लिटर भरून इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून १० मिनिटांनी काडी बघा, मग उरलेलं थोडं थोडं. मॅक्सच्या जरा खाली थांबा, वर डिझेल चढायला जागा राहू द्या.