मदत हवी आहे: राजीनामा दिला, पण रिलिव्हिंग लेटर मिळत नाही

नमस्कार. कळंगुटच्या एका हॉटेलात ६ वर्षे ७ महिने फ्रंट ऑफिसला होतो. महिन्याची नोटीस रीतसर दिली, चाव्या, युनिफॉर्म सगळं परत केलं. शेवटच्या दिवशी किचनच्या पोरांनी केकही कापला. मॅनेजर मात्र फुगलेला, ‘ऐन सीझनात सोडून चाललास’ म्हणून. (सीझन नसतो तेव्हा हेच लोक बिनपगारी रजेवर पाठवतात, ते जाऊ दे.)

आता ४० दिवस झाले. कामातून मोकळं केल्याचं लेटर नाही, ग्रॅच्युइटीचं (नोकरीच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेचं) नाव नाही. बेसिक १८,२०० होता. २६ ने भागून दर वर्षाला १५ दिवसांचे १०,५००, आणि सहा महिन्यांच्या वर गेल्याने ७ वर्षे धरून ७३,५०० होतात. हे ३० दिवसांत द्यायला हवे ना? पीएफची सोडल्याची तारीख दोन महिन्यांनी स्वतः ऑनलाइन टाकता येते, त्याची चिंता नाही.

पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करू, की आधी मालकांना भेटू? म्हातारे शेठ चांगले आहेत, चवथीला दरवर्षी घरी यायचे. त्यांच्याशी वाकडं नको आहे. पण म्हापशाची नवी नोकरी लेटरवाचून अडलीय. कुणी असा अर्ज केलाय का? सोबत काय काय जोडलं?