'द गिव्हर' सातवीच्या वर्गात: पहिल्यापासून ओळ-ओळ, की आधी नुसती वाचून?

निळीशाई (धागाकर्ती)

मी अमेरिकेत मिडल स्कूलला इंग्रजी शिकवते. सातवीला लोइस लाउरी यांची 'द गिव्हर' असते. इथल्या पुष्कळ मराठी घरांतली मुलं ती शाळेत वाचतात, म्हणून विषय इथे काढते आहे. पुढे कथानक पूर्ण उघड केलं आहे. ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं.

कादंबरी १९९३ची, तिला १९९४चं न्यूबेरी पदक मिळालं. एक नेटकं गाव आहे. भूक नाही, भांडण नाही, ऊनपाऊस नाही, रंगसुद्धा नाहीत. कुटुंबं समिती जुळवते, बाराव्या वर्षी काम नेमून दिलं जातं. जोनसला मिळतं ते एकट्याचं काम: मानवजातीच्या साऱ्या जुन्या आठवणी स्वतःत साठवायच्या. गावात म्हातारी माणसं, नियम मोडणारे, नीट न वाढणारी बाळं 'रिलीज' होतात. ती दुसरीकडे कुठेतरी जातात असं जोनस धरून चालतो. १९व्या प्रकरणात तो रेकॉर्डिंग बघतो. बाळं सांभाळणारे त्याचे मायाळू वडील जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला सुई टोचतात, खोक्यात ठेवतात आणि 'बाय-बाय' करून खोकं नळीत सोडतात. शाळेत कचरा टाकायला असते तशीच ती नळी.

माझं मत असं: या पुस्तकाचं क्लोज रीडिंग (छोटा उतारा, बाहेरची माहिती न आणता, शब्दाशब्दावर थांबून वाचणं) शिकवायलाच हवं, पण १९वं प्रकरण संपेपर्यंत सुरू करू नये. तोपर्यंत मुलांच्या हातात पेन्सिलही देऊ नये.

पहिल्याच प्रकरणात गावावरून एक विमान चुकून जातं. शिकाऊ वैमानिकाने सूचना चुकीच्या वाचलेल्या असतात. स्पीकरवरून घोषणा होते की अर्थातच त्याला रिलीज केलं जाईल. आणि जोनस किंचित हसतो. पहिल्या वाचनात हे हसणं निसटून जातं, आणि ते निसटायलाच हवं, कारण तेव्हा वाचकही जोनससारखाच त्या गावाचा रहिवासी असतो. १९व्या प्रकरणानंतर तेच पान उघडायला लावायचं आणि एवढंच विचारायचं: तो का हसला? मुलं भांडायला लागतात. काही म्हणतात, त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. मग कोणीतरी बोट ठेवून दाखवतं की गोष्ट किती गंभीर आहे हे त्याला माहीत होतं, तसं त्याच वाक्यात लिहिलंय. मग वर्ग त्या घोषणेचा सूर तपासायला लागतो. बोलणाऱ्याला गंमत वाटते आहे का? गंमत वाटणाऱ्याबरोबर आपण का हसतो?

तिसऱ्या प्रकरणातलं सफरचंदही असंच. मित्राशी फेकाफेक करताना जोनसला ते क्षणभर बदललेलं दिसतं. (तो लाल रंग होता, हे आपल्याला थेट १२व्या प्रकरणात कळतं.) निरखून बघायला तो ते घरी नेतो. नंतर घोषणा होते की अकरा वर्षांच्या मुलांनी खेळाच्या जागेतून वस्तू नेऊ नयेत, खाऊ खाण्यासाठी असतो, साठवण्यासाठी नाही. नाव घेतलेलं नाही, शिक्षा नाही, आवाज चढलेला नाही. पण कोणाबद्दल आहे ते त्याला कळतं. या चार ओळींत त्या गावाची सगळी यंत्रणा आहे. हा उतारा पूर्ण तासभर घ्यावा.

पण फक्त असे दोन-तीन उतारे. २०१०मध्ये कॉमन कोअर (इथल्या बऱ्याच राज्यांनी घेतलेली शालेय मानकं) आलं तेव्हापासून 'मजकुरातून पुरावा द्या' हा आग्रह दर प्रकरणाच्या वर्कशीटवर उतरला आहे आणि मुलांचं त्यात नुकसान होतंय, असं मला मनापासून वाटतं.

कोयरी

शेवटच्या परिच्छेदाला +१, बाकीच्याला नाही. माझ्या मुलाला हेच पुस्तक होतं. दर प्रकरणाला चिकटचिठ्ठ्या, दर चिठ्ठीवर 'लेखिकेने हे का लिहिलं असेल'. वाचायची आवड असलेला मुलगा, त्याने सातव्या-आठव्या प्रकरणानंतर फक्त चिठ्ठ्यांपुरतं चाळलं. केली गॅलाघर या कॅलिफोर्नियातल्या शिक्षकाने २००९मध्ये यावर पुस्तकच लिहिलं: शाळा वाचनाचा जीव कसा घेतात. त्यात अतिशिकवणं हे एक मोठं कारण दिलं आहे. तुम्ही तीन उतारे म्हणता. तुमच्या शेजारच्या वर्गातली शिक्षिका दहा घेईल आणि त्यालाही क्लोज रीडिंगच म्हणेल. मुलांना पुस्तक द्या, वाचू द्या, नंतर गोल बसून बोलू द्या. जोनस का हसला हे एखादं मूल स्वतःच विचारेल.

माळरान

कोयरीताई, ते विचारणारं मूल कुठल्या घरातलं असतं?

मी नाशिक जिल्ह्यात आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. ग्रंथालयाच्या तासाला काही मुलांबरोबर ही कादंबरी वाचली आहे. आमच्या मुलांची ही तिसरी भाषा. त्यांना 'आधी नुसती वाच' म्हणणं म्हणजे 'आधी बाजूला बस' म्हणणं. विमान, वैमानिक, रिलीज, स्पीकर, सगळं एका पानात येतं आणि मूल तिथेच गळतं. निळीशाईताईंच्या पद्धतीचा फायदा १९व्या प्रकरणापर्यंत पोचणाऱ्यांना. न पोचणाऱ्यांचं काय? मी पहिल्याच पानापासून थांबत थांबत वाचते. वडिलांच्या सुईचा धक्का थोडा कमी बसत असेल, पण माझा सगळा वर्ग तिथे हजर असतो.

दुसरं, प्रश्नांच्या साच्याबद्दल. दहावीच्या मराठीत कवितेचं रसग्रहण असतं: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. मुद्दे चांगलेच आहेत. पण मुलं गाईडमधली वाक्यं त्या तीन खणांत भरतात, कविता न वाचताही. 'तो का हसला' याचंही उत्तर दोन वर्षांत पाठ होईल. दर वर्षी उतारा बदलणार आहात का?

उत्तररात्र

मूळ मांडणीलाच माझा विरोध आहे. क्लोज रीडिंगचं घराणं बघा. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव, काळ काहीही न सांगता कविता द्यायचे आणि काय वाचलंत ते लिहून घ्यायचे. त्यावरचं पुस्तक १९२९चं. कॉलेजातली मुलं, एका पानाच्या कविता. ते हत्यार बारा वर्षांच्या मुलीच्या हातात, तिने नुकतंच एक बाळ मारलेलं वाचलं असताना, कशासाठी द्यायचं? ती हादरलेली असते आणि आपण विचारतो, पुरावा कुठल्या ओळीत. अमेरिकन अभ्यासक लुईझ रोझेनब्लाट यांनी १९३८मध्येच मांडलं होतं की साहित्यकृती नुसत्या कागदावर नसते, वाचणाऱ्या माणसाशी गाठ पडते तेव्हा ती घडते. आधी त्या मुलीला बोलू द्या. तिच्या घरात एखादं अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल. आजी अंथरुणावर असेल.

आणि पुस्तकाच्या बाहेर जायचंच नाही, हा तर मोठाच दोष. कमी वजनाचं बाळ, निरुपयोगी म्हातारा, हे लेखिकेच्या डोक्यातून हवेत आलेलं नाही. १९३९पासून नाझी जर्मनीत अपंग मुलांना रुग्णालयांतून मारलं गेलं. अशा बाळांची नोंद कळवणं सुइणींना आणि डॉक्टरांना सक्तीचं होतं. तेही पांढऱ्या कोटातले, घरी मुलंबाळं असलेले लोक होते. हे न सांगता जोनसचे वडील शिकवणं मला अपुरं वाटतं.

निळीशाई

उत्तररात्र, इतिहास सांगायलाच हवा. वाद फक्त कधी सांगायचा याचा आहे. आधी सांगितला की मुलं पुस्तकात तेवढंच शोधतात, वडील पहिल्या पानापासून खलनायक होतात आणि विषय संपतो. लाउरींनी त्या माणसाला घरात हसरा, खेळकर, बाळासाठी नियम वाकवणारा दाखवला आहे. गेब्रियल नावाचं बाळ नीट वाढत नाही, तर हाच माणूस त्याला रात्री स्वतःच्या घरी आणतो आणि तोच दुसऱ्या बाळाला नळीत सोडतो. ही दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचल्यावर १९३९ सांगा. मग मुलं 'ते राक्षस होते' असं म्हणून सुटत नाहीत.

भावनेचं म्हणाल, तर मी हादरलेल्या मुलीला पुरावा मागत नाही. १९वं प्रकरण झालं त्या दिवशी माझ्या वर्गात फक्त बोलणं होतं, लिहिणं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी रागावलेली येते आणि तिला तो राग कुठे ठेवायचा ते कळत नसतं. 'तो का हसला' हा प्रश्न त्या रागाला जागा देतो.

माळरान, न पोचणाऱ्या मुलांसाठी मी मोठ्याने वाचते. सगळं पुस्तक, तेवीसही प्रकरणं, वर्गातच. शब्द अडला तर अर्थ सांगून पुढे. थांबणं आणि समजावणं वेगळं, उकलायला लावणं वेगळं. आणि उतारा दर वर्षी बदलावा, अगदी मान्य. तुम्ही मात्र धक्का 'थोडा कमी बसत असेल' म्हणून सोडून देता, तिथे मी अडते. त्या धक्क्यावर सगळं पुस्तक उभं आहे.

कोयरी

मग शेवटाचं काय करता? गेब्रियलला घेऊन गावातून पळालेला जोनस त्याच्यासह बर्फातून घसरगाडीवर खाली निघालाय, दिवे दिसतात, संगीत ऐकू येतं, आणि शेवटच्या वाक्यात लेखिका म्हणते की कदाचित तो नुसता प्रतिध्वनी असेल. माझ्या मुलाच्या परीक्षेत प्रश्न होता: ते जगले की मेले, तीन पुरावे द्या. त्याच्या मैत्रिणीने २००४मध्ये आलेला पुढचा भाग, 'मेसेंजर', वाचलेला होता. तिला माहीत होतं की जोनस जगला. तिने तसं लिहिलं तर मजकुराबाहेरचं म्हणून गुण कापले. या वाचनातून मुलांना नक्की काय मिळालं?

निळीशाई

तो प्रश्नच चुकीचा होता. जे पान मुद्दाम दोन्हीकडे उघडं ठेवलं आहे तिथे निकाल मागायचा नसतो. मी विचारते, कुठल्या शब्दाशी तुम्हाला शंका आली? उत्तरं वेगवेगळी येतात, आणि सगळी त्याच पानावर दाखवता येतात. पण यावर गुण देत नाही. द्यावेत असं मला वाटतही नाही.

माळरान

गुण नसतील तर आमच्याकडे अर्धा वर्ग त्या तासाला खिडकीबाहेर बघेल, ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर इथे कोणी बोललेलं नाही. जूनमध्ये सफरचंदाची घोषणा एक अख्खा तास घेऊन बघणार आहे, शेवटापर्यंत वाट न बघता, तिसऱ्या प्रकरणातच. पेन्सिल पहिल्या दिवसापासून हातात असेल. कोणाला ती घोषणा आधी खटकते आणि कोणाला नाही, ते इथे येऊन लिहीन.