बाससाठी एकच फ्लाय रॉड: ६, ७ की ८ नंबर?

तळ्याकाठी

माझ्याकडे ट्राउटसाठीचा ९ फुटी, ५ नंबरचा फास्ट रॉड आहे. बारीक फ्लायना (पिसा-केसांच्या कृत्रिम माश्यांना) उत्तम. आता लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवायचाय. पाणी म्हणजे उथळ तळी: काठाने लव्हाळं, कमळाची पानं, मध्येच आडवी पडलेली झाडं. अधूनमधून नदीतला स्मॉलमाउथ बासही. बहुतेक वेळा काठावरून, कधी फ्लोट ट्यूबमध्ये (फुगवलेल्या तरंगत्या आसनात) बसून.

अडचण अशी, की या रॉडवर १/० गळाचा, हरणाच्या केसांचा बग (तरंगणारी मोठी फ्लाय) बांधला की फेक अर्ध्यातच मरते. लाइन पुढे जाते, बग मागे रेंगाळतो आणि शेवटी लीडरचं (लाइन आणि फ्लाय यांमधल्या नायलॉनच्या दोरीचं) भेंडोळं बगासकट लाइनच्या टोकावर येऊन पडतं. जोर लावला की आणखी बिघडतं.

जो तो ८ नंबर घे म्हणतो. पण मासा बहुतेक दोन-तीन पौंडांचाच, मग ८ कशाला? ७ मध्ये दोन्ही भागेल का? लांबी ९ फूट की ८? अॅक्शन, म्हणजे रॉड वाकण्याची चाल, फास्ट की मध्यम? रॉड एकच घेणार आहे.

गरीवाले काका

माशाचं वजन बघून नंबर ठरवताय, तिथेच गफलत होतेय. फ्लाय रॉडचा नंबर ठरतो तो बांधायच्या फ्लायवरून. साध्या स्पिनिंगच्या गळात आमिषाचं वजन दोरीला ओढत नेतं. इथे उलटं, लाइनचं वजन फ्लायला वाहून नेतं. नंबर मुळात लाइनचाच आहे. रॉडवर लिहिलेला आकडा फक्त 'ही लाइन मला पेलते' एवढंच सांगतो.

आफ्टमाच्या (फ्लाय लाइनच्या वजनांचं ठरलेलं प्रमाण) मापात लाइनचे पहिले ३० फूट तोलतात. ५ नंबरला ते भरतात १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास. ६ ला १६०, ७ ला १८५, ८ ला २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या वर. ५ वरून ८ वर गेलात की हवेत दीडपट वजन फिरतं. तुमचा बग वजनाने जड नाही, तो हवेला अडतो. कोरडा असताना काही ग्रॅमसुद्धा भरत नाही, पण आडव्या पिसासारखा वारा अडवतो. ९ ग्रॅमच्या लाइनचा वेग तो खाऊन टाकतो आणि लीडर उलगडायला काही उरतच नाही. तुमच्या हाताचा यात दोष नाही. जोर लावल्यावर बिघडतं, कारण जोराने लूप (हवेत लाइनचा होणारा वळसा) अरुंद होतो किंवा रॉडचा शेंडा मध्येच दबतो आणि लाइन स्वतःलाच अडते.

आता फ्लायप्रमाणे नंबर. (गळाच्या मापात ६ पेक्षा ४ मोठा, ४ पेक्षा २, आणि १/०, २/० त्याहून मोठे.) ४ ते ६ मापाचे छोटे पॉपर (पाण्यावर तरंगून आवाज करणाऱ्या फ्लाय), वूली बगर, हलके क्लाउझर (या दोन्ही बुडणाऱ्या फ्लाय) असतील तर ६ नंबर पुरे. नदीतल्या स्मॉलमाउथला तो छान. २ मापाच्या गळापर्यंत ७. १/० आणि २/० चे केसाळ बग, डायव्हर (ओढल्यावर बुडी मारणाऱ्या फ्लाय), गवतात न अडकणारी तार लावलेल्या फ्लाय आल्या की ८. सहा इंची, सांधे असलेले भलेमोठे स्ट्रीमर (छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या फ्लाय) फेकायचे असतील तर ९ किंवा १०, पण ते वेगळंच प्रकरण आहे आणि खांद्याचीही वाट लागते.

८ मागायचं दुसरं कारण म्हणजे पाण्यातलं गवत. लार्जमाउथ लांब पळत नाही. बग गिळला की तोंड फिरवून सरळ झाडाच्या फांद्यांत किंवा कमळाच्या देठांत घुसतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याचं डोकं आपल्याकडे वळवता आलं तर मासा तुमचा, नाहीतर देठांना गुंडाळलेला लीडर तुमचा. ५ नंबर तेव्हा मुठीपर्यंत वाकतो आणि मासा हवं ते करतो. ८ च्या बुडख्यात ताकद असते. दोन पौंडांच्या माशाला ८ तेवढ्यासाठी. मोकळ्या पाण्यात तोच मासा ५ वरही निघेल.

अॅक्शनबद्दल: 'फास्ट' या शब्दाला ठरलेलं माप नाही, प्रत्येक कंपनीचं फास्ट वेगळं. तुम्हाला हवा तो मध्यम-फास्ट, म्हणजे शेंड्यापासून मधल्या भागापर्यंत वाकणारा, पण बुडखा घट्ट. बास बहुतेक ३० ते ५० फुटांत मिळतो. अगदी कडक रॉड २५ फूट लाइनवर वाकतच नाही. तो ६० फुटांसाठी असतो. शिवाय तो अरुंद लूप टाकतो, आणि मोठ्या बगाला हवा असतो थोडा मोकळा, सावकाश लूप.

एक मात्र लक्षात ठेवा. लाइन चुकली तर रॉड कितीही महाग घ्या, उपयोग शून्य. ट्राउटच्या लाइनचं तोंड लांब आणि निमुळतं असतं, फ्लाय अलगद उतरावी म्हणून. बासच्या लाइनचं वजन पुढच्या भागात एकवटलेलं असतं आणि तोंड आखूड, जाड. त्यामुळे बग उलटून पुढे जातो. गंमत अशी, की अशा कित्येक लाइनी छापील नंबरापेक्षा अर्धा-एक नंबर जडच बनवतात. खोक्यावर ८ लिहिलंय आणि ग्रेन २४० असतील, तर ती खरी ९ नंबरची लाइन झाली. 'रॉडपेक्षा एक नंबर वरची लाइन घ्या' हा जुना सल्ला ऐकून त्यावर ९ चं खोकं घेतलंत, तर दोन नंबरांचा बोजा होतो. रॉड ओल्या काठीसारखा लोळतो आणि मागची फेक पाण्याला लागते. तेव्हा नंबर नंतर वाचा, ग्रेन आधी.

पाणकणीस

काकांचं लाइनबद्दलचं शंभर टक्के पटलं. रॉडबद्दल मात्र 'एकच घेणार' असेल तर मी ७ म्हणेन. ८ नंबरवर १/० चे बग दिवसभर फेकले की संध्याकाळी मनगट नाही, कोपर बोलायला लागतं. ७ ला १८५ ते २०० ग्रेनची बास लाइन लावा आणि केसाळ बगाऐवजी फोमचे किंवा निमुळत्या डोक्याचे पॉपर बांधा. मासा तितकाच येतो, हवा मात्र कमी अडते. पोकळ तोंडाचा पॉपर जास्त 'बुळुक' करतो खरा, पण उथळ, शांत पाण्यात तेवढा आवाज बऱ्याचदा नकोच असतो, मासा बिचकतो.

लांबीबद्दल ९ फूटच, चार तुकड्यांचा. फ्लोट ट्यूबमध्ये तुम्ही जवळजवळ पाण्याच्या पातळीला बसता. मागची फेक लव्हाळ्याच्या वरून जायला तो फूटभर लागतोच. आणि लाइन गवतावरून उचलताना लांब रॉड एका दमात जास्त लाइन उचलतो. ८ फुटीचे फायदे वेगळे: फांद्यांखाली आडवी फेक टाकता येते, नेम चांगला बसतो आणि मासा ओढताना तरफेचा हात आखूड असल्याने जोर कमी लागतो. ओढ्याकाठी झाडी दाट असेल तर तो चांगला, पण पहिला आणि एकटा रॉड म्हणून नाही.

(काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा ७-८ नंबरही बगांना झकास. वजनाने जड आणि चालीला संथ, पण बगाला तीच चाल हवी असते. वाऱ्यात मात्र कंटाळा येतो.)

तळ्याकाठी

काका, पाणकणीस, आभार. म्हणजे कमळवाल्या तळ्यांना ८, नदी जास्त असेल तर ७. माझी तळी जास्त, तेव्हा ८ कडे कल आहे. अजून तीन गोष्टी: लीडर नेमका कसा बांधायचा? रॉड घेताना हातात धरून काय तपासायचं? आणि ५ नंबरचं रील चालेल का?

गाठ-मार

लीडर. ट्राउटचा ९ फुटी, ५एक्सचा लीडर विसरा. तो एवढा बारीक निमुळता होतो की बग उलटवूच शकत नाही, आणि ४-५ पौंडांना तुटतो. एकूण साडेसात फूट ठेवा: लाइनकडून ४ फूट ३० पौंडी कडक नायलॉन, मग दीड फूट २० पौंडी, शेवटी २ फूट १५ पौंडी. दाट गवतात शेवटचा तुकडाही २० चा. जाडी जवळपास असेल तिथे ब्लड नॉट, फरक जास्त असेल तिथे सर्जन्स नॉट. आवळण्याआधी गाठ ओली करा; कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन भाजतं आणि नेमकं तिथेच तुटतं. पॉपरला फ्लोरोकार्बन नको. ते बुडतं, पॉपरचं नाक खाली ओढतं आणि 'बुळुक'ऐवजी नुसती डुबकी होते. बगाला घट्ट गाठ न मारता न सरकणाऱ्या फासाची गाठ मारा, म्हणजे तो मोकळा डुलतो.

लीडरचं एक दुखणं बग फिरण्याचं. वेडावाकडा बांधलेला बग हवेत भिंगरीसारखा फिरतो आणि टिपेटला (लीडरच्या शेवटच्या तुकड्याला) पीळ भरतो. पाच-सहा फेकींनंतर बग सैल सोडला की टिपेट स्वतःभोवती गुंडाळतं. तसं दिसलं तर दोष बगात आहे, रॉड बदलून जाणार नाही.

रॉड तपासणं. हातात धरून हलवून बघायची सवय सगळ्यांना असते; त्यातून फक्त शेंड्याची थरथर कळते. जमेल तिथे रील आणि लाइन चढवून, गळाचा बाक कापलेला पॉपर बांधून ३०-३५ फुटांच्या फेकी करा. पहिल्या दोन फेकींत लाइन हाताला जाणवली पाहिजे. मूठ फुल-वेल्स, म्हणजे दोन्ही टोकांना फुगीर, अंगठ्याला टेकू देणारी. रीलच्या मागे छोटा फायटिंग बट असावा, पोटाला टेकवायला. बुडख्याकडच्या पहिल्या दोन कड्या मोठ्या हव्यात. शेंड्याच्या कडीतून लाइन-लीडरचा फास ओढून बघा. अडकत असेल तर मासा जवळ आल्यावरही तिथेच अडकणार.

सांधे बसवताना कड्या पाव फेरा बाजूला ठेवून आत दाबा आणि दाबतादाबता फिरवून रेषेत आणा. जड बगांनी सांधा हळूहळू सैल होतो. अर्ध्या तासाने एकदा सगळे सांधे चाचपा. सैल सांध्यावर जोराची फेक पडली की बाहेरच्या नळीला उभी चीर जाते.

रील चालणार नाही. बासची लाइन जाड, ५ च्या रीलवर मावणारच नाही. ८ नंबरचं मोठ्या गाभ्याचं रील घ्या, कारण बारीक गाभ्यावर लाइन स्प्रिंगसारखी वळते. ड्रॅग (रीलचा ब्रेक) साधा चालेल. बास लाइन संपवून बॅकिंगपर्यंत (लाइनमागच्या राखीव दोरीपर्यंत) जात नाही. तरी २० पौंडी डेक्रॉनची दोरी ५०-७० मीटर भरा, गाभा भरून येतो. एक मात्र सांभाळा: थंड पाण्यासाठीची ट्राउट लाइन कडक उन्हात मऊ पडते आणि कड्यांना चिकटते.

गरीवाले काका

गाठ-मार यांच्या सांध्यांच्या मुद्द्याला जोडून, रॉड मोडतात कसे ते.

क्लाउझरला शिशाचे डोळे असतात. नेहमीच्या फेकीत तो खाली झुकून येतो आणि टणकन रॉडवर आपटतो. तेव्हा काहीच दिसत नाही, नखाएवढा पांढुरका डाग फार तर. कार्बनचे थर आतून सुटलेले असतात आणि पुढच्या माशावर नेमका तिथेच रॉड तुटतो. मग लोक म्हणतात, मासा केवढा होता! क्लाउझरसाठी मागची फेक आडवी, पुढची डोक्यावरून, मध्ये थांबायचं नाही. लाइन सतत ताणलेली.

दुसरं, बासचा जबडा धरून उचलताना रॉड उभा करून मागे नेणं. लाइन आखूड, शेंडा उलटा वाकलेला आणि सगळा भार वरच्या तुकड्यावर. रॉड आडव्यापासून जास्तीत जास्त ४५-५० अंशांवर ठेवा आणि मासा हाताने लाइन ओढून जवळ घ्या.

तिसरी सवय ट्राउटवाल्यांची. मासा लागला की रॉड वर झटकायचा. बासच्या कडक तोंडात मोठा गळ त्याने रुततच नाही. शेंडा सगळा झटका पिऊन टाकतो. रॉडचं टोक पाण्याजवळ, बगाच्या रेषेत ठेवा आणि डाव्या हाताने लाइनच खसकन ओढा. वजन हाताला लागलं की मग रॉड. आणि पॉपरवर पाणी फुटलं की लगेच ओढू नका, पॉपर दिसेनासा होऊ द्या.

पाणकणीस

एक राहिलं. पॉपर पाण्यातून नुसता उपटायचा नाही. पोकळ तोंड पाणी भरून घेतं, रॉडला जोराचा गचका बसतो, मग पॉपर सुटून थेट तोंडावर येतो. आधी रोल कास्ट (मागची फेक न करता लाइन पुढे उलगडणं) करून पॉपर पाण्याबाहेर काढा आणि तो हवेत असतानाच मागची फेक सुरू करा. नव्या ८ नंबरवर पहिल्या दिवशी एवढंच घटवा, तेही बाक कापलेल्या गळाने. आणि चष्मा घाला.